परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध आणि सूक्ष्म जैवसंवेदक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रक्तातील साखर तपासण्याच्या पट्टीसारखे साधन मंगळावर जीवसृष्टी शोधू शकेल का? (विद्यार्थिनी, खानापूर)

तत्त्व तेच आहे, अडचण मात्र वेगळी आहे. साखरेच्या पट्टीवरील विकर (एन्झाइम) ग्लुकोज हा एकच रेणू ओळखते. मंगळावर कोणता रेणू सापडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून स्पेनमधील संशोधकांच्या ‘सॉलिड’ या उपकरणात काचेच्या लहानशा पट्टीवर निरनिराळ्या शेकडो प्रतिपिंडांचे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांचे) ठिपके बसवलेले असतात. मातीची भुकटी द्रवात मिसळून, अल्ट्रासाउंडने घुसळून, गाळून तो द्रव पट्टीवरून वाहू दिला जातो. मग चकाकणारी प्रतिपिंडे सोडली, की ज्या ठिपक्यावर ओळखीचा रेणू अडकला असेल तो लेझरच्या प्रकाशात उजळतो.

जांबोटीकडची तांबडी माती मंगळासारखीच दिसते. ही उपकरणे इथे का तपासत नाहीत? (शेतकरी, खानापूर तालुका)

दोन्हीकडचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांचाच आहे. परंतु आपला जांभा मुसळधार पावसात घडलेला असून त्यावरच्या चिमूटभर मातीतही असंख्य सूक्ष्मजीव असतात. तिथे कोणताही संवेदक होकारच देईल. खरी कसोटी अत्यल्प जीवांची खूण हुडकण्याची आहे, म्हणून चिलीतील अटाकामा वाळवंट निवडले गेले. तिथे सुमारे २ मीटर खोल खारट थरात या उपकरणाने सूक्ष्मजीवांचा माग काढला. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही आपल्या मातीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लोहयुक्त चिकणमाती सेंद्रिय रेणू घट्ट धरून ठेवते, आणि रेणू कणापासून सुटलाच नाही, तर उत्तम संवेदकही गप्प राहतो. नमुना तयार करण्याच्या या कामाकडे, माझ्या मते, संवेदकाइतकेच लक्ष द्यायला हवे.

संवेदकाने होकार दिला म्हणजे जीवसृष्टी सिद्ध झाली का? (शिक्षक, निपाणी)

नाही. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीत किरणोत्सारी कार्बनयुक्त पोषकद्रव्य घातले, तेव्हा जणू जीवांनी ते खाल्ले असावे तसा वायू बाहेर पडला. मात्र त्याच यानांवरील दुसऱ्या उपकरणाला मंगळाचे म्हणता येतील असे सेंद्रिय रेणू आढळले नाहीत. २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट (क्लोरीन व ऑक्सिजनयुक्त क्षार) सापडले. तापवल्यावर ते सेंद्रिय रेणूंचा नाश करते, त्यामुळे व्हायकिंगच्या त्या नकारालाही तडा गेला. अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) तर अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या मर्चिसन या निर्जीव उल्केतही आहेत. म्हणून केवळ रेणू सापडणे पुरेसे नाही; त्यांच्या डाव्या-उजव्या (एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारख्या) रूपांचे प्रमाण, शेजारचे इतर रेणू आणि खडकाचा इतिहास हे सारे जुळावे लागते.

पृथ्वीवरचेच जंतू सोबत गेले तर? (गृहिणी, बेळगाव)

ही भीती रास्त आहे. व्हायकिंगचे लँडर ११० अंश सेल्सिअसच्या वर कित्येक तास भाजून निर्जंतुक केले होते. प्रतिपिंडे ही प्रथिने असल्याने ती एवढी उष्णता सोसत नाहीत. त्यामुळे ती शीतशुष्क करून (गोठवून वाळवून) वेगळ्या मार्गाने निर्जंतुक ठेवावी लागतात आणि माती न घातलेला कोरा नमुनाही तपासावा लागतो.