फेक अकाउंटवरून शिव्या देतात, मग खऱ्या नावाची सक्ती का नको?
सक्तीने शिव्या थांबत नाहीत हो. आमच्या रत्नागिरीकडचे गावाचे ग्रुप बघा, डीपीला गणपती लावून नावागावासकट एकमेकांची आयमाय काढतात. साउथ कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर ओळख तपासणं कंपल्सरी केलं, २०१२ मध्ये तिथल्याच कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. आणि इकडे पालघरच्या त्या दोन मुली, त्याच वर्षी, मुंबई बंदवर एकीने स्वतःच्या नावाने पोस्ट टाकली दुसरीने लाइक केली तर दोघींना अटक, ऑनलाइन पोस्टवरून अशी अटक करायला वापरलं जाणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने उडवलं ते २०१५ ला. वाळूउपशाबद्दल लिहिणाऱ्याने नाव लपवू नये तर काय करावं? बाकी धमकीच आली तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक घेऊन सायबर पोलिसांकडे जा, निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेत ३५१(४) खाली २ वर्षांपर्यंत जादा शिक्षा आहे.