पाळकाला घरी कोण पाठवतं?

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. अमेरिकेतल्या सिएटलच्या, कोसळून बंद पडलेल्या मार्स हिल चर्चबद्दल ऐकून-वाचून तुझी झोप उडाली आहे आणि एकच प्रश्न घोळतोय : इतक्या ताकदीचा संदेश देणारा माणूस असा कसा निघाला? मग शेवटच्या ओळीत, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं, की तुमच्या मंडळीनं, म्हणजे तुमच्या चर्चनं, तुला ट्रस्टवर खजिनदार म्हणून घ्यायचं ठरवलंय, हो म्हणू का?

पोरी, पहिला प्रश्न सोडून दे. माणसाच्या आत काय होतं ते देव जाणे आणि तो माणूस जाणे. तिथला पाळक (पास्टर) मार्क ड्रिस्कॉल, त्याच्या स्वभावावर लोकांनी तासन्‌तास चर्चा केली, त्यातून कुठल्या मंडळीला काय मिळालं? तू बी.कॉम. झालीस, हिशेब तपासायला शिकलीस. मग हिशेबनीसासारखा प्रश्न विचार. पाळकाला घरी कोण पाठवू शकतं? कुठल्या कागदावर लिहिलंय, किती मतांनी, आणि ती मतं देणाऱ्यांना नेमतो कोण? मार्स हिलची सगळी कथा या एका प्रश्नात मावते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

१९९६ मध्ये ड्रिस्कॉल, लीफ मोय आणि माईक गन अशा तिघांनी हे काम सुरू केलं. पुढे पाच राज्यांत पंधरा ठिकाणी उपासना, रविवारी बारा हजारांच्या वर माणसं, आणि बहुतेक ठिकाणी पडद्यावर एकच चेहरा. पडझड २०१४ ची, असं सगळे म्हणतात. मी २००७ म्हणतो. तोवर वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची, मोठी सभा होती, दोन डझनांच्या आसपास माणसं, आणि प्रत्येकाच्या मताला वजन होतं. त्या वर्षी नवी नियमावली आली. खरा अधिकार मोजक्या कार्यकारी वडिलांकडे गेला, बाकीच्यांकडे थोड्याच विषयांवर मत उरलं. पॉल पेट्री आणि बेंट मायर या दोन वडिलांनी शंका काढल्या. सप्टेंबर संपता संपता दोघांना कामावरून काढलं, मग त्यांच्यावर चौकशी बसवली. नवी नियमावली त्यानंतर रीतसर मंजूर झाली. क्रम नीट बघ : आधी विचारणारे बाहेर, मग मतदान. पेट्री पेशानं वकील होता, त्यामुळे त्याला मसुदा वाचता येत होता. वाचता येणं हाच गुन्हा ठरला म्हण. डिसेंबरात सभासदांना त्याच्या कुटुंबाशी संबंध तोडायला सांगितलं गेलं.

त्याच सुमारास ड्रिस्कॉल काय बोलला, त्याचं रेकॉर्डिंग आहे. मार्स हिलच्या बसमागे प्रेतांचा ढीग पडलाय, देवाच्या कृपेनं त्याचा डोंगर होईल. बसमध्ये चढा, नाहीतर बसखाली जाल. हे तू ऐकलंस आणि हादरलीस. मी त्या वाक्यानं हादरत नाही. अशी वाक्यं बोलणारे खूप असतात. मी हादरतो ते दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारायचा अधिकार कुणाकडेच उरला नव्हता म्हणून. हजारो माणसं, आणि पाळकाला घरी पाठवू शकेल असा एक माणूस नाही.

आता तुझं म्हणणं, की नंतर त्यांनी बाहेरची नामांकित माणसं घेऊन देखरेख मंडळ केलं होतं, मग तरी का कोसळलं? अगं, म्हणूनच. पॉल ट्रिप आणि जेम्स मॅकडोनाल्ड हे दोघे त्या मंडळावर होते. २०१४ च्या उन्हाळ्यापर्यंत दोघेही बाहेर पडले. ट्रिपनं नंतर सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की दूर राहणाऱ्या माणसांना मंडळीच्या रोजच्या जगण्यातलं काही दिसत नाही, अशा मंडळाकडून खरी जबाबदारी पार पडत नाही. मॅकडोनाल्डला तर २०१९ मध्ये शिकागोजवळच्या त्याच्याच मंडळीनं काढून टाकलं. म्हणजे देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न तिथंही होताच. मोठ्या नावांवर भुलू नकोस. लेटरहेडवर रेव्हरंड-डॉक्टरांची रांग दिसली की मला हमखास शंका येते. हा माझा दोष असेल, पण तो मला उपयोगी पडलाय.

पैशाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तू खजिनदार होणार आहेस. ड्रिस्कॉल आणि त्याच्या पत्नीचं लग्नावरचं पुस्तक जानेवारी २०१२ मध्ये आलं. त्याआधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, चर्चनं पुस्तकं खपाच्या यादीत चढवून देणाऱ्या रिझल्टसोर्स नावाच्या कंपनीशी करार केला. कंपनीची फी २५,००० डॉलर, वर सुमारे ११,००० प्रतींची खरेदी, सगळं मिळून २,१०,००० डॉलरच्या आसपास. यातल्या ६,००० प्रती सुट्या ग्राहकांनी घेतल्यासारख्या दिसतील अशा पसरून घ्यायच्या. पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. मार्च २०१४ मध्ये एका ख्रिस्ती नियतकालिकानं करार छापला तेव्हा कुठे सभासदांना कळलं की आपलं अर्पण कशात गेलं. यात लबाडी आहेच. पण तू व्हाउचर बघ. हा खर्च कुठल्या खात्यावर टाकला असेल? जाहिरात? सेवाकार्य? कुणी तरी सही केली असेल ना. सही करणाऱ्याची नोकरी ज्याच्या हातात, त्याच्याच पुस्तकाचा खर्च!

मग मार्स हिल ग्लोबल नावाचा निधी. इथिओपिया आणि भारतातल्या कामाची चित्रं दाखवून अर्पण मागितलं गेलं, आणि त्या पैशाचा मोठा भाग अमेरिकेतल्याच शाखांवर गेला, हे २०१४ मध्ये उघड झालं. भारताचं नाव वापरलं गेलं म्हणून आपल्याला राग येतो, तो ठीक आहे. पण उद्या तुमच्याकडे ‘पूरग्रस्तांसाठी’ म्हणून पेटी फिरेल आणि त्यातून साउंड सिस्टिमचा हप्ता जाईल, तेव्हा तुला राग येईल का? विशेष अर्पणाला रोजकीर्दीत वेगळा रकाना, वेगळं खातं, आणि शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं याचा आधीच ठराव. परदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही नको, आणि तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच आला पाहिजे. कुणा ‘अमेरिकेतल्या भावाने’ पाळकाच्या बचत खात्यात टाकला तर तो ट्रस्टचा पैसा नाहीच, आणि निस्तरत बसशील तू.

अमेरिकेत बहुतेक धर्मादाय संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरून आपला हिशेब लोकांसमोर ठेवावा लागतो. चर्चना त्यातून सूट आहे. म्हणून मार्स हिलचे आकडे बाहेर आले ते फुटलेल्या कागदांतून. आपल्याकडे ती पळवाट नाही, हे भाग्य समज. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. मंदिर, चर्च, दोन्ही एकाच कायद्याखाली. नोंदलेला ट्रस्ट असेल तर ३१ मार्चला हिशेब बंद, सहा महिन्यांत ऑडिट, अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज. जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी.

तुझ्या पाळकसाहेबांनी तुला म्हणे सांगितलं, ‘हे जगाचे नियम, आपण आत्म्यानं चालतो.’ मग बायबलमधलं तीत १:७ वाचून दाखव. अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, स्वच्छंदी नसावा, रागीट नसावा. १ पेत्र ५:३, कळपावर धनीपण गाजवू नये. हे जगाचे नियम आहेत का? आणि २०१४ च्या चौकशीत काय सापडलं ते याच्या शेजारी ठेव. ऑगस्टमध्ये एकवीस माजी पाळकांनी रीतसर आरोप दाखल केले. नव्या मंडळ्या उभारणाऱ्या ज्या ॲक्ट्स २९ संघटनेच्या स्थापनेत ड्रिस्कॉल होता, तिनंच मार्स हिलला काढलं. सात वडिलांनी हजारेक तास घालवले, पन्नासहून जास्त माणसांशी बोलले, दोनशे पानांच्या आसपास कागद झाले. निष्कर्ष : उद्धटपणा, शीघ्रकोप, कठोर बोलणं, दडपून राज्य करणं. जवळजवळ पौलाची आणि पेत्राची यादीच. तरीही मंडळ म्हणालं, सेवेला अपात्र नाही! १४ ऑक्टोबरला त्यानं स्वतःच राजीनामा दिला. देवानंच मला मोकळं केलं, असं तो पुढे सांगू लागला. ‘देवानं मला सांगितलं’ यावर कुठली समिती अपील ऐकणार? २०१६ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला त्याची नवी मंडळी सुरूही झाली.

आणि मार्स हिल? राजीनाम्यानंतर अडीच आठवड्यांत, ३१ ऑक्टोबरला जाहीर झालं की संस्था विसर्जित होणार. वर्षअखेरीस संपली. शाखा स्वतंत्र झाल्या किंवा बंद पडल्या. सिएटलच्या बॅलर्ड भागातली इमारत दुसऱ्या मंडळीनं घेतली. अठरा वर्षांचं काम, अडीच आठवडे. सावकाश, रीतसर, वेळेवर काढता येत नसलेला माणूस गेला की सगळं घर घेऊन जातो, ते असं. पेट्रीनं २००७ मध्ये विचारलं तेव्हा वळवता आलं असतं.

आता काम. होकार देण्यापूर्वी ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त, माग. सोसायटी म्हणूनही नोंद असेल तर नियमावली. ‘शोधून देतो’ म्हणाले तर थांबू नकोस. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून शेड्यूल-१ चा (ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा आणि डीडची प्रमाणित प्रत काढ. उताऱ्यावर विश्वस्तांची नावं बघ. पाळक, त्यांची पत्नी, मेहुणा आणि वारलेले एक काका, असं असेल तर समजून जा. वारलेल्या काकांचं नाव अजून आहे म्हणजे बदल अर्ज वर्षानुवर्षं गेलेला नाही, आणि हल्लीच्या सभांच्या ठरावांवर कोण सह्या करतंय हा प्रश्न उभा राहतो.

मग डीडमध्ये तेच शोध : पाळकाला घरी कोण पाठवतं? नीट बघ, बहुतेक ठिकाणी पाळकाच्या दोन टोप्या असतात. तो विश्वस्तही असतो आणि पगारी सेवकही. एक टोपी काढली तरी दुसरी राहते. दोन्हींसाठी कलम पाहिजे. नोटीस किती दिवसांची, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) किती, अध्यक्ष कोण, निर्णायक मत कोणाचं. अध्यक्ष पाळकच असेल आणि सभा बोलवायचा अधिकार एकट्या अध्यक्षाला असेल, तर त्याला काढायची सभा त्यानंच बोलवायची! असं डीड मी फेकून देण्याच्या लायकीचं समजतो. विश्वस्तांनी ऐकलं नाही तर कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टच्या कारभाराची नवी योजना मागता येते. लांबचा रस्ता आहे, पण आहे.

रविवारचंही सांगतो. अर्पणाच्या थैल्या फिरल्या की मोजणी दोघांनी, एका घरातले नकोत, वेस्ट्रीचं (चर्चमधल्या आतल्या खोलीचं) दार उघडं ठेवून. नोटांची वर्गवारी छापील चिठ्ठीवर, दोन सह्या, सोमवारी बँकेत पूर्ण भरणा. त्यातूनच पेट्रोलचे पैसे काढून उरलेले भरायचे नाहीत, पाळक कितीही घाईत असोत. इतिवृत्त बांधीव वहीत, पानांवर क्रमांक, सुटे कागद नकोत. पाळकाच्या मानधनाचा विषय आला की पाळक आणि त्यांचे नातलग खोलीबाहेर, आणि ते बाहेर गेले अशी वहीत नोंद. एकदा तरी आग्रह धरून बघ. खोलीतली हवा कशी बदलते त्यावरून पुष्कळ कळतं.

‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका,’ हे वचन तुझ्या तोंडावर फेकतील. स्तोत्र १०५ उघडून दे. राजांना दिलेली ताकीद आहे ती, भटक्या, उपऱ्या कुटुंबाला छळू नका म्हणून. खजिनदाराला दिलेली नाही.

तू म्हणशील, हा म्हातारा विश्वास कागदात मोजतो. मोजतो. मी पुष्कळ ठिकाणी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला नम्रता म्हणत राहिलो. एक कलम वेळेवर वाचलं असतं तर काही घरं मंडळीतच राहिली असती. त्याची यादी तुला देणार नाही, तुझ्या कामाची नाही. पण ‘एवढं काय ताणायचं’ असं मला सांगू नकोस.

येत्या रविवारी आणखी एक कर. पुलपिटजवळ (उपदेशाच्या व्यासपीठाजवळ) लावलेला क्यूआर कोड फोननं स्कॅन कर, दहा रुपये टाक. पैसे जाण्याआधी नाव दिसतं. ट्रस्टचं नाव आलं तर ठीक. पाळकसाहेबांचं आलं तर स्क्रीनशॉट घे आणि कुणाशी काही न बोलता मला पाठव. डीड मिळालं की त्याचेही फोटो, पान सपाट ठेवून. मागच्या वेळी पाठवलेल्या कागदाची उजवी बाजू कापली गेली होती आणि सह्या नेमक्या तिथंच होत्या.