फिका, फीका आणि चफीका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाची स्वीडनमधल्या उप्सालाला राहते, तिथून मराठीत लांबलचक पत्रं लिहिते आणि ती सगळी तुम्ही घरच्यांसाठी एकत्र टाइप करून घेताय. त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा येतं : "मावशी, आज लोप्पिसला दोन जुन्या कपबश्या मिळाल्या. घरी येऊन दालचिनीचे बन भाजले, मैत्रिणी आल्या, फिका केला, मग रात्री उशिरापर्यंत प्युसेल." यातला 'फिका' तुम्हाला खटकतो. मराठीत फिका म्हणजे बेचव नाहीतर रंग उडालेला. त्याजागी 'चहापान' घालावं का? नाही घातलं, तर 'फिका' लिहावं कसं आणि त्याचं लिंग कोणतं? जमल्यास बाकीच्या दोन शब्दांबद्दलही सांगा, असं तुम्ही म्हणता.

उत्तर आधीच सांगून टाकते. शब्द बदलू नका. पहिली वेलांटी दीर्घ करून 'फीका' लिहा आणि तो स्त्रीलिंगी वापरा : ती फीका, फीकेला बोलावलं, फीका झाली. आता कारणं.

मी काही वर्षं स्वीडनमध्येच, लुंडला होते. पहिल्या आठवड्यातच कामाच्या ठिकाणी सकाळी दहाच्या सुमाराला सगळे उठले आणि एकजण माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "स्का वी फीका?" म्हणजे फीका करूया का? मला वाटलं, काहीतरी काम असेल. स्वीडिशमध्ये हे नामही आहे आणि क्रियापदही : हातातलं बाजूला ठेवून चार माणसांनी एकत्र बसायचं, कॉफी प्यायची, सोबत काहीतरी गोड खायचं, आणि बोलायचं. दुपारी तीनच्या आसपास पुन्हा एकदा. कचेऱ्यांमध्ये त्यासाठी वेगळी खोली असते, आणि आज गोड कोणी आणायचं याची पाळी लावलेली असते.

शब्दाची व्युत्पत्ती मात्र मला त्या कॉफीइतकीच आवडते. कॉफीला स्वीडिशमध्ये आज 'कफ्फे' म्हणतात, पण जुन्या आणि बोलीतल्या वापरात 'कफ्फी' होतं. त्या कफ्फीची अक्षरं उलटी केली : फी-का. फिरत्या विक्रेत्यांच्या आणि हलक्यासलक्या कामकऱ्यांच्या सांकेतिक बोलीत असे शब्द उलटे करायची रीत होती. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची नंदभाषा आठवा. हेतू तोच, आसपासच्यांना कळू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी हा उलटा शब्द छापील मजकुरात दिसू लागतो, आणि पुढे तो इतका रुळला की आज त्यात लपवण्यासारखं काहीच उरलेलं नाही. (स्वीडनमध्ये 1756 ते 1823 या काळात कॉफीवर अनेकदा बंदी आली होती, म्हणून हा शब्द चोरून पिणाऱ्यांनी काढला, असं सांगणारे भेटतात. तारखा जुळत नाहीत. शेवटची बंदी उठली आणि हा शब्द कागदावर आला, यांत ऐंशीहून जास्त वर्षं गेली.)

आता लहानपणीची 'च'ची भाषा आठवा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. 'काय'चं 'चयका', 'मला'चं 'चलाम'. आपल्या जुन्या पिढीतली बरीच माणसं कॉफीला 'काफी' म्हणतात. त्या काफीला च-भाषेत घाला : चफीका. पुढचा च काढला की उरतं फीका. मी हे पहिल्यांदा वहीत मांडून पाहिलं तेव्हा किती तरी वेळ त्या पानाकडे बघत बसले होते. स्वीडनच्या वेस्टरयोतलांड प्रांतातल्या फेरीवाल्यांनी आणि आमच्या वाड्यातल्या पोरींनी एकच युक्ती वापरली होती आणि दोघांच्या हाती एकच शब्द आला असता. तुमच्या घरच्या मुलांना हा शब्द समजावून सांगायचा झाला तर याहून सोपी वाट नाही.

लेखनाचं आता. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व लिहायचा, हा आपला नियम : दिवा, किडा, विळी, पिसू. त्याप्रमाणे आपलं विशेषण 'फिका' ऱ्हस्वच. पण नियम मराठी शब्दांसाठी आहे, आणि इथे परका शब्द आहे. स्वीडिश उच्चारात ती ई चांगली लांबते. शिवाय त्या भाषेत स्वराची लांबी अर्थ ठरवते. पुढे व्यंजन एकेरी असेल तर स्वर लांब, दुहेरी असेल तर आखूड. 'फीका' म्हणजे कॉफीची बैठक, आणि 'फिक्का' म्हणजे खिसा! ऱ्हस्व लिहून आपण त्या शब्दाला एका बाजूने बेचव करतो आणि दुसऱ्या बाजूने खिशाकडे ढकलतो. दीर्घ लिहिलं की दोन्ही अडचणी सुटतात.

लिंगाचंही तसंच. पुल्लिंगी मानलं तर सामान्यरूप 'फीक्याला' होईल, धोका-धोक्याला सारखं, आणि वाचणाऱ्याला पुन्हा ते रंग उडालेलं विशेषण आठवेल. स्त्रीलिंगी मानलं तर टीका-टीकेला प्रमाणे 'फीकेला', 'फीकेनंतर'. कॉफी स्त्रीलिंगी, बैठक स्त्रीलिंगी, पंगतही. त्या ओळीत ती सहज बसते. तिकडच्या मराठी मंडळींच्या तोंडी मी "फिकाला जाऊया" असं काहीच न बदलता ऐकलंय. बोलण्यात ते चालून जातं. पण पत्रं छापायचीच आहेत, तर सामान्यरूप करावं. परका शब्द विभक्तीत नीट चालायला लागला की तो घरचा होतो.

'चहापान' का नको? एक तर तिथे चहा नसतो, स्वीडन जगात दरडोई सर्वाधिक कॉफी पिणाऱ्या देशांपैकी आहे. पण खरा अडसर शब्दाच्या पोताचा आहे. चहापान म्हटलं की अधिवेशनाच्या पूर्वसंध्येचं चहापान आठवतं, नाहीतर निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी छापलेली ओळ. 'अल्पोपाहार' त्याहून कोरडा. 'चहापाणी' जवळचं होतं, पण त्याला दुसराही अर्थ येऊन चिकटलाय. 'मधल्या वेळचं खाणं' मला फार प्रिय आहे, फक्त त्यात भूक आहे, बैठक नाही. भूक नसली तरी फीका होते. म्हणून शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या.

अर्थ देताना कॉफीपेक्षा सोबतच्या खाण्याला जागा द्या, कारण भाचीच्या पत्रातला जीव तिथे आहे. घरी भाजून आणलेल्या गोडाला स्वीडिशमध्ये 'हेमबाकात' म्हणतात. 'हेम' म्हणजे घर. याला 'घरगुती' म्हणू नका; घरगुती हा शब्द आपल्याकडे आता मेसच्या आणि मसाल्याच्या पाटीवर जाऊन बसलाय. आपण नुसतं 'घरचं' म्हणतो तेच ते. आणि 'बेक केले'पेक्षा तिने लिहिलेलं 'भाजले' तसंच राहू द्या. सुट्टीत डबाभर पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, हे आपल्याकडच्या किती घरांनी केलंय. क्रियापद आपल्याकडे आहे, फक्त तिथे भट्टी प्रत्येकाच्या ओट्याखाली असते.

ते बन भाचीच्या हातचे म्हणून आणखी एक गंमत तिला विचारा. तिथल्या पाककृतीत दूध 'फिंगरवार्म' करायला सांगतात, अक्षरशः बोटाइतकं गरम, साधारण 37 अंश. आपला 'कोमट'. अर्धा लिटर कोमट दुधात पन्नास ग्रॅम ताजं यीस्ट विरघळवतात, मग मैदा, लोणी, साखर, आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेले वेलदोड्याचे दाणे. मी पहिल्यांदा माझ्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभी होते तेव्हा तो वास आला आणि मला वाटलं, ही आता श्रीखंड काढते की काय. पोळी लाटून तिच्यावर लोणी, साखर, दालचिनी पसरायची, वळकटी करायची, चकत्या कापायच्या, अंडं फेटून वरून लावायचं आणि साखरेचे पांढरे टपोरे मणी भुरभुरायचे. आठ-दहा मिनिटांत भट्टीतून बाहेर. या बनचा स्वीडनमध्ये चक्क एक दिवस आहे, 4 ऑक्टोबर. घरी भाजण्याची सवय टिकावी म्हणून काम करणाऱ्या एका मंडळाने तो 1999 साली सुरू केला. सेमला नावाचे क्रीम भरलेले बन मात्र लेंट या ख्रिस्ती उपासकाळाच्या आधीचे, आणि लुसेकत्तर नावाचे केशराचे पिवळे बन 13 डिसेंबरच्या लुसियाच्या सणाचे. करंजीला दिवाळी आणि तिळगुळाला संक्रांत, तसंच.

जुन्या पद्धतीच्या बायकांच्या कॉफी-बैठकीला 'कफ्फेरेप' म्हणत, आणि तिथे सात तऱ्हांची बिस्किटं मांडायची रीत होती. सातांहून कमी म्हणजे यजमानीण हात आखडणारी, जास्त म्हणजे मिरवणारी. या 'सात तऱ्हा' नावाचं पाककृतींचं पुस्तक 1945 मध्ये निघालं आणि आजही घराघरांत सापडतं. खाण्याचा क्रमही ठरलेला : आधी वेलदोड्याचा गोड पाव, मग साधा केक, मग बिस्किटं, शेवटी क्रीमचा केक. पंगतीत मीठ-लिंबापासून वाढप सुरू होतं, तसा हा क्रम. बिस्किटांची नावं तर अशी आहेत की भाषांतर करावंसं वाटतं : मधल्या खळग्यात मुरंबा भरलेली 'रासबेरीची गुहा', आणि तोंडात टाकताच विरणारी 'स्वप्नं'. स्वप्नांत हरणाच्या शिंगाचं मीठ घालतात. नाव जुनं, पूर्वी ते खरोखर शिंगांपासून काढत. आता ते अमोनियम बायकार्बोनेट. भट्टीचं दार उघडलं की असा झणझणीत वास नाकात जातो की डोळ्यांतून पाणी येतं, आणि गार झाल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही.

कपबश्यांचा उल्लेख आहे म्हणून दोन शब्द तुमच्या संग्रहासाठी. दुसऱ्यांदा ओतलेल्या कॉफीला 'पोतोर' म्हणतात आणि तिसऱ्यांदा ओतलेल्या कॉफीला 'त्रेतोर'. 'तोर' म्हणजे थेंब; डोळ्यातला अश्रूही तोरच. आपल्या 'वरून घोटभर'ला तिथे स्वतंत्र नाम आहे, आणि तिसऱ्या घोटालाही! जुनी माणसं कॉफी बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून पीत. बशीतून पिणं काय असतं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

लोप्पिसबद्दल. मूळ शब्द 'लॉपमार्कनाद', लॉपा म्हणजे पिसू, पिसवांचा बाजार. त्याला 'इस' हा लाडाचा प्रत्यय लावून आखूड केला. तीच गत 'दागिस' म्हणजे पाळणाघर, 'गोदिस' म्हणजे गोळ्या-चॉकलेटं यांची. आपल्याकडे सोनुली-छकुलीत असा लाड आहे, पण तो पाळणाघरापर्यंत पोचत नाही. 'जुना बाजार' हा प्रतिशब्द मी घेणार नाही. जुन्या बाजारात धंदेवाईक विक्रेता असतो. इथे उन्हाळ्यात कुणीही आपल्या अंगणात नाहीतर गाडीच्या डिकीत माळ्यावरचं सामान मांडतो आणि रस्त्याच्या वळणावर पुठ्ठ्याची पाटी लावतो. भाचीला मिळालेल्या कपांवर हिरव्या पानांची नक्षी असेल तर ते बहुधा गुस्तावस्बेरीच्या चिनीमातीच्या कारखान्यातले 'बेर्सो' असतील, 1960च्या दशकातले, स्टिग लिंडबेरी यांनी रेखलेले. त्यांच्या मागे निम्मं स्वीडन लागलेलं असतं. उच्चार लॉपिसच्या जवळचा आहे. तसाच लिहा आणि ऑफिससारखा नपुंसकलिंगी चालवा : लॉपिस लागलं, लॉपिसात मिळालं.

प्युसेल मात्र अवघड आहे. लहानसहान, किडूकमिडूक हातकाम करत बसणं : कागदाच्या चांदण्या कापणं, गवताच्या काडीचा बोकड बांधणं, जुन्या लेसला नवी कड लावणं. डिसेंबरात स्टॉकहोमला तीन वाजायच्या आतच सूर्य मावळतो. मग एवढ्या मोठ्या संध्याकाळी हात काय करणार? शाळेत मुलगे-मुली सगळ्यांनाच लाकूडकाम आणि शिवणकाम सक्तीचं, पहिली वस्तू बहुतेकदा लाकडाची लोण्याची सुरी. त्या विषयाचं नाव 'स्लॉय्द', आणि त्याच्या मुळाशी चलाखी, हिकमत असा अर्थ आहे. प्युसेल त्याहून हलकं, निवांत. मराठीत 'उद्योग', 'उचापती', 'खटाटोप' या सगळ्यांत बोलणाऱ्याची नाराजी मिसळलेली असते. 'हातचाळा' मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यात वस्तू तयार होईलच असं नाही, पण मायेचा सूर तोच. हा एक शब्द मी खुशाल मराठी करेन.

तर भाचीचं वाक्य मी असं ठेवीन :

"मावशी, आज लॉपिसात दोन जुन्या कपबश्या मिळाल्या. घरी येऊन दालचिनीचे बन भाजले, मैत्रिणी फीकेला आल्या, त्रेतोरपर्यंत बसल्या, मग रात्री उशिरापर्यंत आमचा हातचाळा."

'त्रेतोर' मी घातलाय. तो ठेवायचा का, ते तिलाच विचारा.