खोकला छातीत, मग तपासणी घामाची कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याचा खोकला काही केल्या हटेना, कफ चिकट, मुका घेतला की गाल खारट लागतो. बेळगावच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या शंकेने घामातलं मीठ तपासायला सांगितलं आणि घरातले सगळे बुचकळ्यात पडले. निपाणीत खोकला म्हटला की लोक आधी तंबाखूवर बोट ठेवणार, हे आलंच. मी इथे नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे आत काय चालतं तेवढं सांगते. निदान डॉक्टरच करतील.

श्वासनलिकेच्या अस्तरावर पाण्याचा पातळ थर असतो, जेमतेम ७ मायक्रोमीटरचा. पेशींचे बारीक केस त्यात सतत हलतात आणि धूळ अडकलेला कफ घशाकडे सारतात. थर आटला की केस कफाखाली दबतात. गंमत अशी की पेशीजवळ पाण्याचा पंप नाहीच. ती मीठ हलवते आणि पाणी त्यामागे येतं, कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर सुटतं तसं.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला सोडियमचा एक पंप असतो. तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. खरी ऊर्जा खर्च होते ती इथे. आत सोडियम कमी, म्हणून बाहेरचं आत घुसायला टपलेलं. त्याच अंगाचा एक वाहक ही ओढ वापरून १ सोडियम आणि १ पोटॅशियमसोबत २ क्लोराइड आत आणतो. साठलेलं क्लोराइड हवेकडच्या अंगाला सीएफटीआर नावाच्या वाटेने बाहेर पडतं. सोडियम पेशींमधल्या फटींतून त्याच्या मागे, आणि पाणी दोघांच्या मागे. शेजारीच ईनॅक नावाची वाट सोडियम परत आत खेचत असते. या ओढाताणीत थर बेताचा राहतो. सीएफटीआरमधून बायकार्बोनेटही (खाण्याच्या सोड्यात असतं ते) जातं. ते कमी पडलं की कफ मोकळा होत नाही.

आता घाम. ग्रंथीच्या तळाशी तो जवळपास रक्ताइतकाच खारट तयार होतो. वर येताना नळीच्या भिंती मीठ परत घेतात, आणि इथे क्लोराइड सीएफटीआरमधूनच आत शिरतं. वाट तीच, ओघ उलटा! तिला स्वतःची दिशा नसते, उतार असेल तिकडे क्लोराइड जातं. म्हणून ती बिघडली की छातीत पाणी कमी पडतं आणि घामात मीठ उरतं. घाम गोळा करणं सोपं, एवढंच. हाताला पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध लावून सौम्य विजेने तो आणतात. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची दाट शक्यता, ३० च्या खाली बहुधा नाही, मधलं आलं तर सीएफटीआरचं जनुक तपासतात. हे जनुक १९८९ साली सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो, तेव्हा घरात कोणी कोणाला बोल लावू नये.

तंबाखूचा संबंध अगदीच नाही असं नाही. सिगारेटच्या धुराने धडधाकट माणसाचंही सीएफटीआर मंदावतं, तेव्हा मुलाजवळ विडी-सिगारेट नकोच.

७ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझर यंत्राने देतात ती मिठामागे पाणी येतं याच तत्त्वावर, पण निर्जंतुक द्रावणाची आणि डॉक्टरांनी सांगितली तरच. घरचं मीठ यंत्रात घालू नका. आणि घाम खारट म्हणून आजीने पोराचं जेवणातलं मीठ तोडलं असेल, तर ते आजच परत सुरू करा. हा आजार असलेल्या मुलांचं मीठ एप्रिल-मेच्या घामात झपाट्याने जातं, वरून जास्तीचं द्यावं लागतं. किती, ते डॉक्टरांना विचारा.