काच तीच, चौकट वेगळी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडला असतो, दोन वर्षांपासून लग्नाच्या ऑर्डरी घेतो. निकॉन डी५६०० वर डीएक्सच्या (छोट्या सेन्सरसाठीच्या) दोन लेन्स वापरतो : ३५ मिमी एफ १.८ आणि १८-१४०. बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी एफ १.८ डी लेन्सही घरात आहे, पण तिला माझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस होत नाही. आता सेकंडहँड डी७५० मिळतोय. दुकानदार म्हणतो, ‘तुमच्या लेन्स चालतील.’ मित्र म्हणतात, चालणार नाहीत. शिवाय ५० ची लेन्स माझ्याकडे ७५ ची होते म्हणे, ते कसं?

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण नुसत्या ‘चालतील’वर पैसे मोजू नका.

आधी ५० आणि ७५ चा घोळ मिटवू. एका कोऱ्या कागदावर ३६ बाय २४ मिमीचा आयत काढा आणि त्याच्या बरोबर मधोमध २३.५ बाय १५.६ चा. मोठा म्हणजे डी७५० चा सेन्सर, ज्याला फुल फ्रेम म्हणतात (बाबांच्या रोलवरची फ्रेमही एवढीच), छोटा तुमचा. रात्री अंधाऱ्या खोलीत उभं राहून बाबांच्या लेन्सचं तोंड उजेडातल्या हॉलकडे करा, तिची कडी १.८ वर फिरवा (म्हणजे आतलं छिद्र पूर्ण उघडेल) आणि कागद मागे साडेचार-पाच सेंटीमीटरवर धरून थोडा पुढेमागे करा. हॉलमधली माणसं कागदावर गोलात उलटी उमटतील. मोठा आयत त्या गोलात पूर्ण मावतो, छोट्यात मधलाच तुकडा येतो. लेन्स ५० चीच राहिली. ७५ हा फक्त तुलनेचा हिशोब : त्या तुकड्यात जेवढं दिसतं, तेवढंच फुल फ्रेमवर ७५ च्या लेन्सने दिसतं.

मांडवात याचा अर्थ असा. पाच मीटरवरून ५० च्या लेन्सने डी७५० वर ३.६ मीटर रुंदीची रांग येते, म्हणजे सात माणसं. तुमच्या कॅमेऱ्यावर २.३५ मीटर, पाचही दाटीवाटीने. मागे सरकायला जागा नसली की दोन मामा फोटोबाहेर.

आता उलटी बाजू. डीएक्सच्या लेन्सचा गोलच छोट्या सेन्सरपुरता असतो. ती लावली की डी७५० आपोआप मधलाच भाग घेतो आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. हे बंद करता येतं, पण मग कोपरे काळे पडतात. माझ्याकडून ही चूक झाली आहे. नव्या फुल फ्रेमवर सवयीने ३५ ची डीएक्स लावून मी एका घरातल्या पंचेचाळीस जणांचा ग्रुप काढला. त्यांना तो २४ बाय ३६ इंचाच्या फ्रेममध्ये हवा होता. मोठा केल्यावर मागच्या रांगेतल्या आजींचे डोळे नुसते ठिपके दिसत होते. तो फोटो पुन्हा काढायला ती माणसं परत एकत्र येणार नव्हती, आणि मला ते आजही लागतं.

(कॅननचा डीएसएलआर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा : पांढऱ्या चौकोनाची खूण असलेली ईएफ-एस (छोट्या सेन्सरसाठीची) लेन्स त्यांच्या फुल फ्रेमवर बसतच नाही. जोर लावू नका.)

बाबांच्या लेन्सची गंमत वेगळी. तिच्यात फोकसची मोटर नाही, डी५६०० च्या बॉडीतही नाही. डी७५० मध्ये आहे. त्यावर ती लेन्स तिच्या मूळ चौकटीत, पूर्ण ऑटोफोकससह चालेल. हळदीच्या मंद उजेडात एफ १.८ किती कामाचं आहे ते तुम्हाला ३५ वर कळलंच असेल. एफ १.८ ला फोटोचा उजळपणा दोन्ही सेन्सरवर सारखाच येतो.

तेव्हा माझं मत : बॉडीसोबत फुल फ्रेमची एक वाइड झूम, निदान २४-८५, घेण्याइतके पैसे असतील तरच डी७५० घ्या. नसतील तर हा सीझन डी५६०० वरच काढा. घेतलात तरी जुना सेट विकू नका. १८-१४० लावून तो दुसऱ्या खांद्यावर राहू दे. बॅटऱ्या मात्र एकमेकांना बसत नाहीत, दोन्हीचे चार्जर बॅगेत हवेत.

आणि आजच बाबांच्या लेन्समधून मागून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लग्नसराईच्या आधी साफ करून घ्या.