मांगरात मुक्काम करणार असशील तर

अरे, रेवस-रेड्डी हा कोकण किनाऱ्याचा रस्ता सायकलने करतोयस, छान! हॉटेलं शोधत बसू नकोस. दक्षिण कोकणात आंबा-काजूच्या बागेत मांगर, म्हणजे छोटं शेतघर असतं: जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, शेणाने सारवलेली जमीन. मोकळा दिसला तरी परस्पर शिरू नकोस. जवळच्या घरी जाऊन 'काका, रात्रीपुरतं टेकू का?' असं विचार, तेही उजेडात. अंधारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण हो म्हणेल? आंब्याच्या हंगामात तिथे राखणदार राहतो, तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी बरं. देवळाच्या सभामंडपातही झोपता येतं, पण गुरवांना विचारूनच.

आता महत्त्वाचं. कोकणात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप आहे. वीतभर-हातभर लांबीचं, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं, रात्री फिरणारं. मी पथारी भिंतीपासून, लाकडांच्या ढिगापासून दूर टाकतो, मच्छरदाणीच्या कडा खाली खोचतो. बूट सकाळी झटकूनच घालायचे. रात्री उठलास तर आधी बॅटरी, मग पाय. चावलंच तर कापाकापी नको, आवळून बांधणं नको, थेट सरकारी दवाखाना.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ फेरीबोटीत सायकल चढते. शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून घे, नाहीतर रात्र जेटीवर जाते. निघताना मांगर झाडून दे.