साठ टक्के कुणाचे?

“सर्टिफिकेटार साठ टक्के लिवल्यानी हत. म्हणजे माझो झील आता चाळीसच टक्के उरलो?”

मालवणकडच्या एका आईने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा शेजारी उभा. ट्रॉलरवर खलाशी होता. अपघातात गुडघ्याखाली पाय गेला, आता कृत्रिम पाय लावतो.

दिव्यांगांसोबत काम करताना हा प्रश्न मला अनेक घरांतून येतो. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे ते टक्के पायाचे असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या आरक्षणासाठी निदान ४० टक्के लागतात, म्हणून डॉक्टर ते मोजतात. रोजचं जगणं कुठे अडतं, ते त्या कागदावर येत नाही.

प्रत्येक उत्तर आईच देत होती, म्हणून तिला पडवीत बसवलं. मग जागतिक आरोग्य संघटनेची ३६ प्रश्नांची प्रश्नावली काढली. मागच्या ३० दिवसांत काय करताना किती त्रास झाला, ‘काहीच नाही’पासून ‘जमलंच नाही’पर्यंत.

माझंही लक्ष त्याच्या पायाकडेच होतं, कबूल करतो. एक किलोमीटर चालणं? “थोडो त्रास.” मी खूश. पुढे विचारलं, लोकांच्या वागण्यामुळे मानाने जगणं किती कठीण गेलं?

तो बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. “खूप.”

जेटीवरून गेलं तर घर चार मिनिटांवर. पण लिलावाच्या वेळी बायका टोपल्या ओढून घेतात, “सरा गो, तेका जावक देवा.” जुना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नजर चुकवतो. म्हणून हा देवळामागून वळसा घालायचा. तो वळसा किलोमीटरभराचा!

टाळणं ही निभावण्याचीच एक रीत. मला ती मोडायची घाई झाली होती, पण पहिले महिने त्या टाळण्यानेच त्याला तारलं होतं. मग ठरलं ते एवढंच: आठवड्यातून एक दिवस जेटीवर जाळी शिवायला बसायचं, आणि कुणी पायाची चौकशी केली तर काय म्हणायचं ते आधी ठरवून ठेवायचं. आईने मधे बोलायचं नाही. हे तिला सर्वांत जड गेलं.

तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. चालण्याचं उत्तर तसंच. मानाचं ‘खूप’वरून ‘मध्यम’. मनाला होणारा त्रास मात्र होता तिथेच, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

आईची तक्रार आता वेगळी होती. “जेटीर बसता तो दुपारी जेवक पण येणा नाय. कोणी ‘पाय कसो आसा’ इचारल्यानी, तर ‘पाय रवांदे, बांगड्याचो दर सांग’ म्हणता.”